‘तात्पुरते’ला जागा पुरली नाही

एक विचारतो. तुमच्या इमारतीत दोन-तीन लिफ्ट असतील, तर तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई त्यातल्या कोणत्या लिफ्टने वर येतात? आणि तसं कुणी ठरवलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक पटकन देतात. दुसऱ्यापाशी अडखळतात. ‘आमच्याकडे तसंच आहे’, एवढंच म्हणतात. मी लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. राहायला कोपरीत, आणि कामाची हद्द कल्याण-डोंबिवलीपासून थेट घोडबंदर रोडपर्यंत. त्यामुळे हा प्रश्न मी बऱ्याच सोसायट्यांत विचारून पाहिला आहे. ‘कुणी ठरवलं’ याचं सरळ उत्तर मला आजवर एकाच ठिकाणी मिळालं, आणि ते ऐकून जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा त्यांना लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गमती हव्या होत्या. त्याही सांगतो. पण लिहायला बसलोय तो त्या धक्क्यापायी.

आधी थोडं आमच्या धंद्याविषयी. लिफ्टला लोक भितात ते दोर तुटेल म्हणून. दोर तुटत नाही. एकाला अनेक असे जाड पोलादी दोर असतात, आणि ते सगळे तुटले तरी पिंजरा जागच्या जागी धरून ठेवणारी यंत्रणा खाली असते. लिफ्ट म्हणजे विहिरीवरचा रहाट समजा. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला लोखंडाचं वजन, आणि वर फिरणारं चाक. हे चाक बिचारं वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. लिफ्टचं दुखणं असतं दारात. आम्हाला येणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक दाराच्या असतात. दार लागत नाही, दार उघडत नाही, दार मध्येच परत फिरतं. माझे उस्ताद सांगायचे, माणूस आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, हेच लिफ्टचं खरं काम आहे. वर-खाली काय, बादलीसुद्धा जाते.

टाळेबंदीत आमचं काम थांबलं नाही. म्हातारी माणसं वरच्या मजल्यांवर, आजारी माणसांना खाली आणायचं, त्यामुळे लिफ्ट चालू राहणं गरजेचं होतं. आमच्याकडे पास होता. एरवी ज्या घोडबंदर रोडवर गाडी मुंगीसारखी सरकते तिथून मी मोटरसायकलवर एकटा जायचो आणि माझ्याच इंजिनाचा आवाज मला दचकवायचा.

त्या दिवसांत लिफ्टची बटणं मेली. अक्षरशः. लोक येता-जाता बटणांवर सॅनिटायझर मारायचे. ते पातळ, आत झिरपणारं. बटणाच्या मागे एक छोटी पट्टी असते, तिला ते लागलं की एक तर बटण बंद पडायचं नाही तर कायमचं दाबलेलं राहायचं. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या चार मजली इमारतीत लिफ्ट आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली. तिथे वर्तक काका म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते, सोसायटीचे स्वयंघोषित आरोग्य अधिकारी. हातात फवारणीची बाटली, अंगावर रेनकोट. मी पॅनल उघडलं तर आतून पाणी ठिबकलं. म्हटलं, काका, हे तुम्ही धुतलंय की पाजलंय? ते म्हणाले, ‘तू तुझं काम कर, मी माझं करतो. विषाणू दिसतो का तुला?’ मी म्हटलं, विषाणू नाही दिसत, शॉर्टसर्किट दिसतंय. त्यांनी माझ्यावरही एक फवारा मारला. नवीन पॅनल बसवून खाली उतरलो, तोवर वर फुसफुस सुरू झाली होती.

राग नाही आला. सगळेच घाबरलेले होते. मीही होतो. घरी गेलो की बाहेरच्या नळावर अंघोळ करून मगच आत जायचो.

लिफ्टच्या जमिनीवर तेव्हा पावलांची चित्रं चिकटवलेली असायची. चार कोपरे, चार पावलांच्या जोड्या, बोटं भिंतीकडे. म्हणजे आत शिरायचं, कोपरा धरायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखं. ती चित्रं केव्हाच झिजून गेली. पण तुम्ही बघा, माणसं अजून तशीच उभी राहतात. एकाने दुसऱ्याला आत बघितलं की तो म्हणतो, तुम्ही जा, मी पुढच्याने येतो. पूर्वी एका फेरीत सहा-सात माणसं जायची, आता एकेक जातो. दारं उघडझाप करून करून झिजतात. आमच्या कामात ही सवय पहिल्यांदा दिसली. डॉक्टरला जशी खोकल्यावरून वस्ती कळते, तशी मला दाराच्या चाकांवरून माणसं कळतात.

आणि जी गंमत संपादकांना हवी होती ती ही: निर्बंध उठल्यानंतरची गोष्ट. एका टॉवरमध्ये एक तरुण दोन मजल्यांच्या मध्ये अडकला. आम्ही वरून ब्रेक सोडून पिंजरा हाताने मजल्यावर आणला, दार फाकवलं. आत तो कोपऱ्यात बसलेला, मांडीवर लॅपटॉप, कानात इयरफोन. माझ्याकडे बघून त्याने तोंडावर बोट ठेवलं. ऑफिसची मीटिंग चालू होती. मी आणि माझा जोडीदार दार हाताने धरून उभे, आणि तो आत बसून कुणाला तरी इंग्रजीत सांगतोय की काम वेळेत होईल. मीटिंग संपल्यावर बाहेर आला, थँक्यू म्हणाला, आणि पुढच्या मीटिंगसाठी दुसऱ्या लिफ्टमध्ये शिरला.

टाळेबंदी सैल व्हायला लागली तेव्हा सगळीकडे एकच चर्चा होती, आता जगणं कसं बदलेल. मास्क राहतील का, हस्तांदोलन जाईल का, लग्नं लहान होतील का. माझंही एक भाकीत होतं, आणि मी ते चारचौघांत छाती ठोकून सांगायचो. माझे बाबा आयुष्यभर चळवळीची पत्रकं काढत आले. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांच्या घड्या घालताना. त्यामुळे चांगलं काही होणार असं कुणी म्हटलं की माझा पटकन विश्वास बसतो. मी म्हणायचो, ज्यांनी कधी खरकटं उचललं नव्हतं त्यांनी आता भांडी घासली आहेत, लादी पुसली आहे. ते काम करणाऱ्या बाईकडे ते पुन्हा पूर्वीच्या नजरेने बघूच शकणार नाहीत. टाळ्या वाजवल्यात ना सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून? त्यातलं काही तरी उरेल.

बाबा पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, ‘लिहून काढ. पत्रकाला बरं आहे.’

आता त्या टॉवरकडे येतो. नाव सांगत नाही, कारण नाव कुठलंही घाला, चालेल. घोडबंदर रोडवर आहे. तीन लिफ्ट. दोन रहिवाशांच्या, आतून स्टील, मागच्या भिंतीला पूर्ण आरसा. तिसरी सर्व्हिस लिफ्ट, म्हणजे सामानाची. आतून प्लायवूड, त्यावर ओरखडे. फर्निचर, कचऱ्याचे डबे, पाण्याचे जार आणि वेळ आली तर स्ट्रेचर, यांच्यासाठी ती लांबट केलेली असते. पूर्वी माणसं जी पहिली येईल तीत चढायची. घरकामाला येणाऱ्या बायाही.

टाळेबंदीत त्या बायांना आत येणं बंद होतं. मग त्यांना परत घेतलं तेव्हा गेटवर ताप बघायचे, हात धुवायला लावायचे, आणि तळमजल्यावर एक कागद लागला की घरकामगार, डिलिव्हरीवाले आणि इतर कामगारांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. मी तो कागद तेव्हा पाहिला होता. मला त्यात फार वावगं वाटलं नाही. फक्त एक गोष्ट खटकली. त्या इमारतीतले जे रहिवासी आजारी पडले त्यांना खाली आणलं ते याच सर्व्हिस लिफ्टमधून, कारण स्ट्रेचर दुसरीत बसत नाही. म्हणजे रोग जर कुठल्या एका पिंजऱ्यात शिरला असेल तर तो यात. आणि बाकीच्यांनी रोगापासून सुरक्षित राहावं म्हणून ज्या बायांना वेगळं काढलं, त्यांना घातलं त्याच पिंजऱ्यात. हे मी तेव्हाच्या मॅनेजरला म्हटलं. तो म्हणाला, ‘अरे, फवारणी करतो ना आम्ही.’

मग मास्क गेले. ताप बघणारा गेला. हात धुवायचं बेसिन गेलं, तिथे आता तुळशीची कुंडी आहे. कागद मात्र गेला नाही. एके दिवशी कागदाच्या जागी ॲक्रिलिकची चकचकीत पाटी आली, चार स्क्रू मारून भिंतीत बसवलेली.

यमुनामावशी आमच्याच गल्लीत राहतात. मूळच्या संगमेश्वरकडच्या. साठी उलटलेली. कोपरीहून बसने त्या टॉवरला जायच्या आणि तिथली चार घरं करायच्या, सगळी पोळ्यांची. त्यातलं एक घर सोळाव्या मजल्यावरचं, तिथली मनवा आता सहा वर्षांची असेल. तिच्या जन्माआधीपासून मावशी त्या घरात होत्या. टाळेबंदीत फक्त त्याच घराने मावशींचा पगार चालू ठेवला होता, हेही सांगायला हवं. मनवाला अंगाला तेल लावणं, पाय ताणून मालीश करणं, पहिला वरणभात, सगळं मावशींच्या हातचं. पोळ्या झाल्या की पिठाची शेवटची गोळी मनवाला खेळायला द्यायची, असा त्यांचा रिवाज.

गेल्या वर्षी सर्व्हिस लिफ्टचं दार चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळला. तो भाग परदेशातून यायचा होता. कंपनीने सांगितलं, महिना लागेल, कदाचित जास्त. मी सोसायटीला तसं कळवलं आणि माझ्या डोक्यात आलं की चला, निदान आता तरी बाया दुसऱ्या लिफ्टने जातील.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका तक्रारीसाठी तिथे गेलो. जिन्यात बायांची रांग. एकेक मजल्यावर टेकत, कठडा धरत चढत होत्या. दोन्ही रहिवासी लिफ्ट तळमजल्यावर रिकाम्या, दारं उघडून उभ्या. गार्डला विचारलं तर तो म्हणाला, पाटी आहे ना भाऊ. ऑर्डर नाहीये.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर यमुनामावशी पायरीवर बसलेल्या. गुडघ्यावर हात. मला बघून हसल्या. म्हणाल्या, ‘सुजित, गुडघा बोलायला लागलाय बघ. शिव्या देतोय.’

रोज सोळा मजले चढणं त्यांना जमणार नव्हतं, हे बघताक्षणी कळत होतं. आणि नाही चढल्या तर चारही घरं एकदम जाणार होती, कारण चारही याच इमारतीत. साठीनंतर नवीन घरं मिळत नाहीत. मुलगा आहे, पण तो त्याच्या संसारात. मावशी स्वतःच्या पायावर उभ्या होत्या त्या या चार घरांमुळे. म्हणून मी त्यांची पिशवी उचलली आणि म्हटलं, चला माझ्याबरोबर.

आमच्याजवळ एक चावी असते. पिंजऱ्यातल्या पॅनलमध्ये ती फिरवली की लिफ्ट बाकी मजल्यांचं बोलावणं ऐकत नाही, आम्ही नेऊ तिथेच जाते. ती फिरवली असती तर मावशी थेट सोळाव्यावर पोचल्या असत्या आणि कुणाला कळलंही नसतं. मी ती फिरवली नाही. मावशींना चोरून कशाला न्यायचं? गार्डसमोर, कॅमेऱ्यासमोर, आम्ही इतर माणसांसारखे लिफ्टमध्ये शिरलो आणि मी सोळाचं बटण दाबलं.

त्या टॉवरमध्ये पार्किंगचे मजले संपले की सहाव्यावर बाग आहे. झोपाळे, घसरगुंडी. लिफ्ट तिथे थांबली. दार उघडलं तर समोर मनवा आणि तिचे बाबा. मनवाच्या हातात चेंडू. मावशींना बघून तिचं तोंड आधी फुललं आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली. लहान मुलं चूक दाखवून देताना जशी गंभीर होतात तशी ती झाली. रागाने नाही, अगदी मायेने म्हणाली, ‘मावशी, तू आपल्या लिफ्टमध्ये कशी? तुझी ती आहे ना? मग हिला तुझे जंतू लागतील ना.’

तिचे बाबा म्हणाले, मनवा, असं नाही बोलायचं. पण ते आत आले नाहीत. मला वाटलं, आता मावशी हसतील, तिला जवळ ओढतील, म्हणतील, ये गं माझ्या जंतू. तसंच काही तरी त्या बोलायच्या.

मावशी म्हणाल्या, ‘चुकलं गं बाळा.’

आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन बाहेर पडल्या. मनवाच्या बाजूने, तिला पदर लागणार नाही असा सावरून, जिन्याकडे गेल्या. मी दार हाताने अडवून उभा. दार फार वेळ अडवलं की लिफ्ट वाजायला लागते. ती वाजत होती. मनवाचे बाबा जमिनीकडे बघत होते. मी बाहेर पडलो, दार लागलं. मी दाबलेलं बटण तसंच होतं, त्यामुळे लिफ्ट रिकामी सोळाव्यावर गेली.

तुम्हाला वाटेल मुलीच्या बोलण्याचा मला धक्का बसला. बसलाच. तिला कळायला लागलं तेव्हापासून तिने जग असंच पाहिलंय. तिच्यासाठी तो नियम नाही, पृथ्वी गोल आहे तसं ते आहे. पण मी हादरलो ते त्या ‘चुकलं’ने. मी जिन्यात मावशींना गाठलं आणि विचारलं, काय चुकलं तुमचं?

‘लेकराशी काय वाद घालायचा?’

मी म्हटलं, लेकराशी नको, बापाशी घाला. त्या म्हणाल्या, बाप चांगला आहे रे, बंदीत पगार दिला त्याने. थोडं चढल्यावर पुन्हा टेकल्या आणि मग हळूच म्हणाल्या, ‘खरं सांगू? मलाच तिथे अवघडल्यासारखं झालेलं. आरसा आहे ना त्या लिफ्टीत. किती वर्षांनी एवढी पुरती दिसले मी. म्हटलं, ही कोण बाई आली इथे?’

मी त्यांची पिशवी पुन्हा उचलली आणि त्यांच्या मागून चढू लागलो.  

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, ‘आमच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमचा कप वेगळा असायचा. बाहेर खिळ्याला टांगलेला. तुमच्या वेळी लिफ्ट आली. प्रगती आहे.’ आई म्हणाली, जेवू द्या त्याला. पण जेवण कुणालाच गेलं नाही.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींना जाऊन भेटलो. सबनीस म्हणू त्यांना. माणूस गोड. डोंबिवलीच्या चाळीत वाढलेला, ते अभिमानाने सांगणारा. मला बसवलं, चहा मागवला. मी विचारलं, हा नियम कुणी केला? मला वाटलं होतं, भांडण होईल. ते म्हणाले, ‘नियम असा नाहीच हो. ठराव वगैरे काही केलेला नाही. तेव्हाची नोटीस होती ती. तिच्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, तात्पुरते.’

मग पाटीवर का नाही, असं विचारलं तर ते हसले. म्हणाले, कागद सारखा फाटायचा, म्हणून पाटी करायला टाकली. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हीत हवी होती. पाटीवाला म्हणाला, साहेब, एक शब्द कमी करा, बसत नाही. ‘तात्पुरते’ला जागा पुरली नाही.

मीही आधी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की हे गमतीने सांगताहेत, पण खरं सांगताहेत. कुणी बैठक घेतली नाही. कुणी बायांचा द्वेष केला नाही. कुणी मत दिलं नाही. एक शब्द पाटीत मावला नाही आणि तेवढ्यावर माणसांची विभागणी कायमची झाली. बाबांच्या पत्रकांमुळे मला वाटायचं की अन्यायामागे कुणी तरी दुष्ट बसलेला असतो, त्याच्याशी लढता येतं. इथे कुणीच नव्हतं. एक पाटीवाला होता, आणि त्यानेही फक्त माप सांगितलं होतं.

मी म्हटलं, मग काढा ती पाटी. सबनीस म्हणाले, आता सगळ्यांना सवय झालीय. ‘त्यांनाही झालीय. तुमच्या मावशी स्वतःच म्हणाल्या ना, चुकलं म्हणून? बागेत बसलेल्यांनी ऐकलंय.’

त्यांचा चहा मी तसाच ठेवून उठलो.

पंधरवड्याने सोसायटीची विशेष सभा बोलावली गेली. विषय सर्व्हिस लिफ्टच्या दुरुस्तीचा. उशीर का होतोय हे सांगायला कंपनीतर्फे मला बोलावलं होतं. क्लबहाउसमध्ये खुर्च्या मांडलेल्या, लोक अजूनही एक खुर्ची सोडून बसलेले. मी भाग कुठून येतोय, का अडलाय ते सांगितलं. प्रश्न आले. फर्निचर कसं वर न्यायचं, कचरा कोण खाली नेणार. बायांविषयी कुणी विचारलं नाही.

मग मागून एक जण उभे राहिले. मनवाचे बाबा. कागद नव्हता हातात, आवाजही थोडा कापत होता. म्हणाले, मी एक ठराव मांडतो. ती पाटी काढावी, आणि इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाला कुठलीही लिफ्ट वापरता यावी. ‘माझ्या मुलीने एका बाईंना काही तरी म्हटलंय. ती ते माझ्याकडून शिकलेली नाही. पण मी ते पुसलंही नाही.’ आणि ते बसले.

मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सबनीस नियमाने चालणारे. म्हणाले, ठीक आहे, सूचक मिळाले. अनुमोदक?

ज्यांना सोसायटीच्या सभांचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठराव एकाने मांडून चालत नाही. दुसऱ्या एका सभासदाने त्याला पाठिंबा द्यावा लागतो, तो अनुमोदक. तेवढं झालं की मग चर्चा, मग मतदान. अनुमोदकाला भाषण करावं लागत नाही. हात वर करायचा.

एसीचा आवाज येत होता. एक बाई मोबाइलमध्ये बघू लागल्या. कुणी तरी म्हणालं, मुद्दा बरोबर आहे, पण आजच्या विषयपत्रिकेत नाहीये. दुसरं कुणी तरी म्हणालं, अहो, मावशी आम्हाला घरच्यासारख्याच आहेत. मी मनात म्हटलं, घरच्या आणि घरच्यासारख्या, यांच्यामध्ये एक लिफ्ट असते. सबनीसांनी पुन्हा विचारलं, अनुमोदक कोणी? ज्या चार घरांत मावशी पोळ्या करायच्या, त्यांतल्या दोन घरांची माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती. त्यांनी त्या दुपारीही मावशींच्याच हातच्या पोळ्या खाल्ल्या असणार.

मी सभासद नव्हतो. मला हात वर करायचा अधिकार नव्हता. माझे दोन्ही हात मी पाठीमागे एकमेकांत अडकवून धरले होते.

तिसऱ्यांदा विचारून सबनीस म्हणाले, अनुमोदनाअभावी हा विषय आपण घेऊ शकत नाही. पुढचा विषय, बागेतल्या झोपाळ्यांचं रंगकाम. त्याला अनुमोदक ताबडतोब मिळाला.

मावशींनी आणखी काही दिवस रेटलं. मग एका घराने सांगितलं, लिफ्ट होईपर्यंत तुम्ही आराम करा. दुसऱ्याने एक तरुण मुलगी ठेवली, भराभर चढणारी. तिसऱ्याचंही तसंच. मनवाच्या घरी मात्र त्यांची वाट बघत होते. तिचे बाबा कोपरीत येऊन मावशींना भेटून गेले. मावशींनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. मला म्हणाल्या, एका घरासाठी एवढा गुडघा नाही परवडत. आणि ते लेकरू पुन्हा तसं म्हणालं तर मी पुन्हा चुकलं म्हणेन, मला माहितेय. त्या आता कोपरीतच एका पोळी-भाजी केंद्रात आहेत, तळमजल्याच्या गाळ्यात. दिवसभर उभं राहायचं काम. गुडघ्याला त्याचाही त्रास होतो.

भाग आला तेव्हा तो मीच बसवला. काम आहे, करावं लागतं. नीट केलं, दार आता लोण्यासारखं सरकतं. दुसऱ्या सकाळी बायांची रांग त्या लिफ्टपुढे लागली. त्यांतली एक जण मला म्हणाली, बरं झालं भाऊ, आमची लिफ्ट चालू केलीत. तिच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. त्या ‘आमची’कडे मी बघत राहिलो.

मी आता कुणाचं मन बदला म्हणून सांगत नाही. मनं बदलण्याचं भाकीत मी एकदा केलं होतं. मला तुमच्याकडून एकच छोटी गोष्ट हवी आहे. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत कुणी तरी उभं राहील. कदाचित त्याचा आवाज कापत असेल, कदाचित त्याला नीट मांडता येणार नाही, विषयपत्रिकेत तो विषय नसेलही. सेक्रेटरी विचारतील, अनुमोदक कोणी आहे का? तुम्ही सभासद आहात. शेजारी कुणाचा हात वर जातोय का ते बघत बसू नका. तुमचा करा.